उजेड मोजायचा डबा

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. मुरूमच्या बाजारपेठेत ‘शिवकुमार फोटो’ अशी पाटी असलेल्या दुकानाच्या मागच्या खोलीत राजेश्वरी बिराजदार एक तार जोडत होत्या. सोल्डरिंग आयर्नचा धूर टेबलावर रेंगाळत होता. तार जोडून झाली, त्यांनी ती ओढून पाहिली, आणि ती सुटली. राजेश्वरीबाईंनी कन्नडमध्ये तारेला तिच्या आईवरून एक शिवी दिली आणि पुन्हा जोडली.

तारेच्या एका टोकाला फिल्मच्या रिळाची काळी प्लास्टिकची डबी होती. डबीच्या झाकणाला तापल्या सुईनं पाडलेलं भोक, आणि भोकाखाली ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी एक चकती. दुसऱ्या टोकाला बुटाचं खोकं होतं. खोक्यात वीज मोजायचा, काट्याचा जुना मल्टिमीटर, त्याच्या शेजारी एक बारका लाल दिवा, आणि बाहेरून डोळा लावायला एक चीर. तार आपोआप तुटलेली नव्हती. आदल्या संध्याकाळी राजेश्वरीबाईंनीच ती डबी भिंतीवर फेकून मारली होती.

त्यांचं वय अठ्ठावन्न. माहेर आळंदचं, म्हणजे हद्दीपलीकडचं, कर्नाटकातलं. वडिलांचं तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मल्टिमीटर त्याच दुकानातला. लग्न होऊन त्या मुरूमला आल्या तेव्हा नवरा शिवकुमार यांनी नुकताच कॅमेरा घेतला होता. फोटो ते काढत. फिल्म धुणं, निगेटिव्हमधून खाली उजेड पाडणाऱ्या एन्लार्जरखाली कागद धरून फोटो छापणं, वाळवणं, हे सगळं राजेश्वरीबाई मागच्या खोलीत करत. गिऱ्हाईक पुढच्या दारानं यायचं, पुढच्याच दारानं जायचं, आणि फोटोच्या पाठीवर शिक्का पडायचा, ‘शिवकुमार फोटो, मुरूम’. चार वर्षांपूर्वी शिवकुमार गेले. भेटायला आलेला एकेक माणूस सांगून गेला, “अप्पांच्या हातातली कला अप्पांबरोबर गेली.” राजेश्वरीबाई तेव्हा त्याच माणसांना चहा देत होत्या. कागदावर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या रसायनानं तपकिरी पडलेली त्यांची नखं कपाखाली दिसत होती. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण त्या विसरल्याही नाहीत.

आता दुकानाचा पुढचा भाग पुतण्या विरेश चालवतो. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापायचं मशीन तिथं दिवसभर घरघरत असतं. मागची खोली कुणाला नको होती म्हणून राजेश्वरीबाईंकडं राहिली. तिथं एन्लार्जर आहे, तीन ट्रे आहेत, आणि फळीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, गावागावाप्रमाणं लावलेल्या, फिल्मच्या काळातल्या सगळ्या निगेटिव्ह आहेत. आलूरचा डबा वेगळा, बेळंबचा वेगळा, येणेगूरचा वेगळा.

भांडण सुरू झालं ते आलूरच्या डब्यावरून.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत, बसवून नेतात. आंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवायचं. कपाळावर, दंडावर, छातीवर विभूतीचे म्हणजे पांढऱ्या भस्माचे पट्टे, गळ्यात हार आणि रुद्राक्ष, तळहातावर इष्टलिंग. घरची माणसं दोन्ही बाजूंना बसतात आणि फोटोग्राफरला निरोप जातो. खेड्यातल्या कित्येक माणसांचा हाच पहिला फोटो असे. स्टुडिओत त्याला ‘बसलेला फोटो’ म्हणायचे. आलूरच्या शरणम्मांचे यजमान शिवलिंगप्पा सत्त्याण्णव साली छातीत कळ येऊन गेले, तेव्हा असाच एक बसलेला फोटो शिवकुमार यांनी काढला आणि राजेश्वरीबाईंनी छापला. शिवलिंगप्पांचा दुसरा फोटो नाही. घरातल्या फ्रेमला मागच्या पावसाळ्यात वाळवी लागली आणि हाराखालचं सगळं पीठ झालं, तोंड अर्धं उरलं.

यंदा शरणम्मांचा नातू शिवप्रसाद याचं लग्न ठरलं. लग्नाआधी घरी देवकार्य असतं आणि त्यात गेलेल्या वडीलधाऱ्याचा फोटो मांडून पूजा करतात. शिवप्रसादनं विरेशला फोन केला. विरेशनं आलूरच्या डब्यातून निगेटिव्ह काढली, उजेडावर धरून मोबाईलनं टिपली, आणि फोटो सुधारणाऱ्या एका ॲपमधून काढली. काकूंना विचारलं नाही. आलूरच्या चौकात लावायला लग्नाचा फ्लेक्स छापला, एक फ्रेमही करून दिली.

मागच्या शुक्रवारी दुपारी शरणम्मा ती फ्रेम फडक्यात गुंडाळून एसटीनं मुरूमला आल्या. सत्तरीच्या पुढच्या, वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी फ्रेम विरेशच्या टेबलावर ठेवली आणि राजेश्वरीबाईंना हाक मारली.

“राजव्वा, हिकडं ये. ह्यो कोन ते सांग मला.”

राजेश्वरीबाईंनी पाहिलं. गोरापान, तुकतुकीत गालाचा एक माणूस समोर पाहत होता. ओठाच्या कडा किंचित वर.

“तुमचे मालक की, आज्जी,” विरेश म्हणाला.

“माझ्या मालकाचे डोळे मिटलेले हुते. म्या माझ्या हातानं मिटले. ह्याचे उघडले कुनी?”

“ॲपनं उघडले. बरं दिसतंय न्हाय का? लग्नाच्या फ्लेक्सवर मेलेला माणूस कसा टाकावा, म्हणून...”

“आन् कपाळ? विभूती कुठं गेली?”

विरेशनं मान खाजवली. “ते आपोआप साफ होतंय, आज्जी. त्याला ते डाग वाटले असतील.”

“डाग?” हे राजेश्वरीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मशीनवर फ्लेक्स गुंडाळणारा विरेश हातातलं सोडून उभा राहिला.

“काकू, सगळे असंच मागतात. शिवप्रसादला लई आवडला.”

“त्याला आवडंल,” शरणम्मा म्हणाल्या. “त्यानं आज्याला बघितलंय कुठं? उघड्या डोळ्याचं मढं चौकात टांगलंय माझ्या! येनारा-जानारा बघायलाय. आन् मढं हसायलंय!”

मग त्यांनी खरं सांगितलं. येत्या गुरुवारी देवकार्य होतं. या फोटोपुढं हात जोडणार नाही, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. नातू म्हणाला, आज्जी, दुसरा फोटोच नाही, मी काय करू? शरणम्मा म्हणाल्या, मग मी पण नाही. मी लेकीकडं अक्कलकोटला जाते, तुमचं तुम्ही उरका. पिशवी भरून ठेवली होती. नातवाच्या लग्नाला आजी नाही, हे गावात सात पिढ्या पुरलं असतं, आणि शरणम्मा ते करतील याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

“तू छापला हुतास न्हाय का त्यावेळंला?” त्यांनी विचारलं. “शिवकुमार फोटो आनून द्यायचे, पर छापायचीस तू. म्या बघितलंय तुला, ह्या मागच्या दारात, काळ्या नखाची.”

एवढ्या वर्षांत हे म्हणणारं हे पहिलं माणूस. राजेश्वरीबाईंचा राग त्यानं कमी झाला नाही, उलट वाढला. “बुधवारी या,” त्या म्हणाल्या. “न्यायलाच या.”

बोलणं सोपं होतं. पूर्वी राजेश्वरीबाई एन्लार्जर लावून खाली पडलेलं चित्र नुसतं बघायच्या आणि सांगायच्या, नऊ सेकंद, बारा सेकंद. तेवढा उजेड कागदावर पाडला की फोटो बरोबर यायचा. मागच्या वर्षी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून उजव्या डोळ्याला पांढरं निळसर दिसतं आणि डाव्याला तेच पांढरं जुन्या धोतरासारखं. उजवा म्हणतो नऊ, डावा म्हणतो चौदा. पूर्वी अशा वेळी कागदाच्या पट्ट्या कापून आधी तपासून बघता यायचं. आता कागदच नाही. शिवकुमार यांनी शेवटी आणलेल्या ब्रोमाइड पेपरच्या खोक्यात पाच कागद उरले होते, तेही फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली जपून ठेवलेले, मुदत कधीच संपलेली. तसला कागद सोलापुरात आता कुणी ठेवत नाही.

डोळ्यानं भागत नाही तर डोळ्याच्या जागी दुसरं काही बसवायचं, या हिशेबानं त्यांनी दिवाळीपासून तो डबा करायला घेतला होता. आधी कॅल्क्युलेटरची सोलर पट्टी काढून मीटरला जोडली. गच्चीवर काटा टोकाला जाऊन आपटला, एन्लार्जरखाली हललासुद्धा नाही. मग चौकातल्या खांबावरचा दिवा आपोआप लावणारा-विझवणारा सेन्सर बिघडला म्हणून वायरमननं काढून टाकला, तो त्यांनी मागून आणला. बिघडलं होतं दुसरंच काही, आतली चकती चांगली होती. तिच्यावर उजेड पडला की ती वीज जाऊ देते, अंधार झाला की अडवते. जेवढा उजेड तेवढा काटा पुढं. ती चकती फिल्मच्या डबीत बसवली. डबी एन्लार्जरखाली पडलेल्या चित्रावर ठेवायची, जिथं मोजायचं तिथं भोक आणायचं.

अडचण लाल दिव्याची होती. डार्करूममधला लाल दिवा कागदाला चालतो, पण चकतीला तोही उजेडच. मोजताना लाल दिवा बंद करावा लागे, आणि बंद केला की काटा दिसत नसे. त्यावर बुटाचं खोकं हा इलाज. मीटर आत, बारका दिवा आत, चिरेला डोळा लावला की काटा दिसतो आणि बाहेर उजेड सांडत नाही. विरेशनं त्यांना पहिल्यांदा तशा अवस्थेत बघितलं तेव्हा विचारलं होतं, “काकू, सोनारीच्या जत्रेत बायस्कोप लावायचा विचार हाय का?”

“लावते की. पहिला तुलाच दाखवीन, पैलवान.”

डबा तयार होता, पण काट्यामागं सेकंदांचे आकडे नव्हते. शनिवार-रविवार ते काम चाललं. पाच कागदांतला एक कागद चिंध्या करून त्यासाठी खर्ची घातला. पासपोर्ट फोटोच्या जुन्या निगेटिव्ह लावायच्या, कपाळावर डबी ठेवायची, काटा कुठं थांबला ते बघायचं, मग कागदाची पट्टी छापून चेहरा किती सेकंदांत बरोबर येतो ते ठरवायचं. कपाळ यासाठी की माणसाच्या चेहऱ्यावर तेवढी सपाट आणि मोकळी जागा दुसरी नसते. रविवारी संध्याकाळी मीटरच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीनं सेकंदांची कमान तयार झाली. पाच वेगवेगळ्या माणसांवर तपासली, पाचही बरोबर.

मंगळवारी शिवलिंगप्पांची निगेटिव्ह लावली. भिंतीला टेकलेला माणूस उलट्या रंगात खाली पांढऱ्या फळीवर पडला. कपाळावर डबी ठेवली, लाल दिवा बंद केला, चिरेला डोळा लावला. काटा सव्वीसावर.

राजेश्वरीबाईंना ते जास्त वाटलं. हाताला सवय होती, हात म्हणत होता अकरा-बारा. पण स्वतःवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून तर डबा केला होता. त्यांनी सव्वीस सेकंद दिले. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद सोडला आणि चित्र वर येऊ लागलं ते थांबेचना. गाल काळे, हनुवटी काळी, हार काळा. भट्टीतून काढल्यासारखा माणूस.

नेमकं त्याच वेळी पुढं फ्लेक्सचं मशीन घरघरत होतं.

त्या ओल्या हातानं बाहेर आल्या. “बंद कर ते.”

“काकू, सरपंचांच्या पोराचा वाढदिवस हाय. संध्याकाळी लावायचाय.”

“तुझ्या मशीनचा हीटर लागला की माझा बल्ब मान टाकतो. एक लाईन हाय दोन्हीला. तुझा सरपंच गेला खड्ड्यात.”

“मशीननं काय होतंय? उगी कायबी.”

“ये हिकडं. बायस्कोप बघायचा होता न्हाय का तुला? ये.”

त्यांनी त्याला दंडाला धरून मागं नेलं. एन्लार्जर लावून डबी त्याखालच्या फळीवर ठेवली, चिरेला त्याचा डोळा लावला आणि स्वतः पुढं जाऊन मशीनचं बटण बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं. आतून विरेशचा आवाज आला, “चढला. पडला. ऑं, परत चढला?”

“हां. आता कळलं?”

विरेश डोळा चोळत बाहेर आला. त्यानं वाद घातला नाही, मशीन बंद ठेवलं. एवढंच म्हणाला, “पण काकू, दुकान ह्याच्यावर चाललंय. तुमच्या डब्यावर न्हाय.” ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळं जास्त लागलं.

राजेश्वरीबाईंनी पुन्हा मोजलं. विजेचा दाब आता स्थिर होता. काटा पुन्हा सव्वीसाच्या आसपासच. दुसरा कागद छापला. तोच काळा माणूस.

विरेश दारात उभा होता. “आता दोष कुणावर घालणार, काकू?” त्याच्या बोलण्यात टोमणा अर्धाच होता, अर्धी काळजी होती. पण डबी भिंतीवर जाऊन आदळली ती त्यानंतर.

बुधवारी सकाळी तार जोडताना त्यांच्यापुढं हिशेब स्पष्ट होता. कागद दोन. देवकार्य उद्या. डबा खोटा ठरला तर डोळ्यावर यायचं, आणि डोळे दोन, त्यांची मतं दोन.

शरणम्मा पहिल्या एसटीनं आल्या. शटर अर्धंच उघडं होतं, त्या वाकून आत शिरल्या, काठी टेकत थेट मागच्या खोलीत. दोरीवर दोन काळे फोटो चिमट्याला लटकत होते.

“झाला?”

“न्हाय झाला,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “बघा, काय झालंय ते. कोळसा केला म्या तुमच्या मालकाचा. बघा आणि काय बोलायचं ते बोला.”

एक फोटो चिमट्यातून काढून शरणम्मा खिडकीपाशी गेल्या. कागद डोळ्यापासून लांब धरला, जवळ आणला.

“यव्वा,” त्या म्हणाल्या. “मामंजींचं बोट.”

“कुठलं बोट?”

“हे बघ की. वरची रेघ अख्खी, खालची अख्खी. मधली निम्म्यातच तुटली. माझ्या सासऱ्याचं मधलं बोट कडबाकुट्टीत गेलं हुतं, हितपतूर. लेकाच्या कपाळाला विभूती त्यांनी स्वतः लावली, पूजा सांगनाऱ्या अय्यांना लावू दिली न्हाय. ते तुटकं बोट असं निम्म्यातच सुटलं...” शरणम्मांनी आपल्या कपाळावरून तीन बोटं ओढली, मधलं दुमडून. “जुन्या फोटोत हे न्हवतं दिसत. नुसतं चुना फासल्यावानी पांढरं हुतं. तूच छापला हुतास तो.”

“म्याच,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. आणि मग, “दाखवा.”

त्यांनी कागद हातात घेतला. फोटो सगळा काळा होता, पण कपाळ काळं नव्हतं. कपाळ एखाद्या जिवंत माणसाच्या कातडीसारखं, मऊ राखाडी आलं होतं. बरोबर तसं, जसं पासपोर्ट फोटोत शेकडो माणसांचं कपाळ यायचं.

त्यांनी पुढच्या खोलीतल्या भिंतीकडं पाहिलं. तिथं शिवकुमार यांच्या हातची पुठ्ठ्याची पाटी अजून होती, ‘फोटोस बसणाऱ्याने कपाळ पुसून बसावे’. विभूती फ्लॅशमध्ये चकाकते आणि कचेरीतून फोटो परत पाठवतात, म्हणून लावलेली. त्या पाटीखाली बसलेल्या, कपाळ पुसलेल्या माणसांवर त्यांनी डब्याचे आकडे ठरवले होते. आणि डबी ठेवली होती विभूतीवर. विभूती पांढरी, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती काळी आणि दाट. खाली उजेड कमी पडणार. डब्यानं कमी उजेड बघितला आणि जास्त सेकंद सांगितले. डब्याचं काही चुकलं नव्हतं. विचारलं होतं त्याचंच त्यानं उत्तर दिलं होतं, आणि विभूती कातडीच्या रंगाची करून दाखवली होती.

“मूर्ख,” त्या म्हणाल्या. “लिंगायताची बाई, आणि मेलेल्या माणसाच्या कपाळावर काय असतं ते कळंना मला. त्याच्या ॲपला डाग वाटला. मला कातडी वाटली. दोघंबी एकाच वर्गातले.”

“आता शिव्या सपव आन् कामाला लाग,” शरणम्मा म्हणाल्या. “परतीची एसटी हाय मला.”

राजेश्वरीबाईंनी खिडकी लावून घेतली आणि डबी गालावर ठेवली, जिथं विभूती नव्हती, हार नव्हता, नुसती कातडी होती. लाल दिवा बंद. चिरेला डोळा. अकरा.

म्हणजे हात बरोबर होता. त्यावर खूश होण्याऐवजी त्या आणखी चिडल्या. पण आता त्यांच्याकडं दोन आकडे होते. अकरा सेकंदांत चेहरा बरोबर येणार आणि विभूती कोरी पांढरी पडणार, जुन्या फोटोसारखी, चुना फासल्यासारखी. सव्वीस सेकंदांत विभूतीतल्या बोटांच्या रेघा येणार आणि चेहरा जळणार. दोन्ही हवं असेल तर सगळ्या फोटोला अकरा द्यायचे, मग बाकीचं सगळं झाकून फक्त कपाळाला आणखी उजेड द्यायचा. त्यासाठी भोक असलेला पुठ्ठा लागतो. त्यांनी खोलीत शोधला, सापडला नाही. मग पुढं जाऊन भिंतीवरची ‘कपाळ पुसून बसावे’ ही पाटी काढली आणि कात्रीनं तिच्या मधोमध पेरूएवढं भोक पाडलं.

तेवढ्यात विरेश आला. शटर वर गेलं. सवयीनं त्याचा हात मशीनच्या बटणाकडं गेला आणि बटणावर काठी आडवी आली. शरणम्मा मशीनसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

“आज्जी, काठी काढा. ऑर्डर हाय.”

“हात लावून बघ.”

“आज्जी, निवडीचा फ्लेक्स हाय, माणूस न्यायला यायलाय.”

“यीऊ दे. निवडून आलाय न्हवं? मग बसंल की दोन घटका, पाच वर्सं बसायचंच हाय त्याला.”

विरेश हसला. ते शरणम्मांना पसंत पडलं नाही. “हसतुस काय? माझ्या मालकाला तूच हसवलंस. आता मी सांगंस्तोवर ह्या दुकानात कुनी हसायचं न्हाय.”

आत राजेश्वरीबाईंनी कागद लावला. सगळ्याला अकरा सेकंद. मग पुठ्ठा हवेत धरून, भोकातून उजेडाचा पेरूएवढा ठिपका फक्त कपाळावर पाडत, पुठ्ठा सारखा हलता ठेवत, आणखी पंधरा. कागद डेव्हलपरमध्ये सोडला. पहिल्यांदा हार आला. मग मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेघा, खोल गेलेले गाल, चार दिवसांची दाढी. शेवटी, सगळ्यात हळू, कपाळ. पांढरं, पण कोरं नाही. तीन रेघा, मधली निम्म्यात तुटलेली.

फोटो चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून, मग पाण्यातून निघाला आणि फडक्यावर ठेवला गेला. शरणम्मांनी बघितला. पदराचं टोक ओलं करून त्यांनी आपल्या कपाळावरचा घाम पुसला आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या. काठी बटणावरून काढली.

विरेशनं वाकून फोटो पाहिला. “काकू, हा स्कॅन करून नवीन फ्लेक्स टाकतो. काहीसुद्धा साफ करणार न्हाय, शप्पथ.”

“माझ्या कागदाला तुझा मोबाईल लागायचा न्हाय.”

“आन् फ्लेक्स नगंच,” शरणम्मा म्हणाल्या. “हाय ते उतरव. आत्ता. गाडी काड.”

विरेशनं सवयीनं ड्रॉवरमधून शिक्का काढला होता, ‘शिवकुमार फोटो, मुरूम’. फोटो एव्हाना वाळला होता, पालथा पडला होता. शिक्का कागदावर टेकायच्या आधी राजेश्वरीबाईंनी त्याचं मनगट धरलं.

“ह्याच्यावर न्हाय.”

“मग काय लिहू?”

“काय नको. कोरा राहू दे.”

शरणम्मा फोटो फडक्यात गुंडाळून एसटीनं निघाल्या, विरेश मोटारसायकलीवर आलूरला गेला. चौकात शिवप्रसाद हुज्जत घालायला आला, पण आज्जीनं सांगितलंय म्हटल्यावर तो स्वतःच खांबावर चढला. फ्लेक्स चांगला जाड होता. शरणम्मांनी तो टाकून दिला नाही. शेतातल्या कडब्याच्या गंजीवर झाकायला घातला, तोंड खाली करून, चारी कोपऱ्यांना दगड.

दुपारी विरेश परत आला तेव्हा राजेश्वरीबाई फळीवरचे डबे पुसत होत्या. आलूरच्या डब्यात बसलेले फोटो बरेच होते. बेळंबच्या डब्यात त्याहून जास्त. कागद एक उरला होता. त्यांनी पुतण्याकडं न बघता सांगितलं, “पुण्यात, मुंबईत कुठंतरी कागद मिळत असंल. शोध तुझ्या त्या मोबाईलवर. आणि सकाळी मला लाईन पाहिजे. मशीन चालू दिसलं तर वायर कापीन.”

“रोज?”

“रोज.”

तो काहीतरी पुटपुटला. राजेश्वरीबाईंनी काय म्हणून विचारलं नाही, कारण उत्तर ऐकलं असतं तर पुन्हा काहीतरी भिंतीवर गेलं असतं. तासाभरानं विरेशनं मार्कर घेतला आणि शटरशेजारच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘रोज सकाळी ७ ते ८.३० मशीन बंद’.

उद्या गुरुवार आहे. आलूरला देवकार्य सकाळी नऊला सुरू होईल. मुरूमला सात ते साडेआठ फ्लेक्सचं मशीन बंद राहील.